माया नसलेली पँट

मला आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा वाटला तो एका कळेचा. छातीत उठलेल्या कळेचा. बावीस वर्षं मी ह्या माणसाच्या कानीकपाळी ओरडत होते, की अहो, जरा चाला, जरा कमी जेवा, दुधात साखर घालू नका. ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि वाटी पुढे करायचे. त्या कळेने एका दुपारी एकदाच सांगितलं, तेही अर्ध्या मिनिटात, आणि हे जे उठून चालायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. आता मला सांगा, बायकोने जळू नये तर काय करावं?

हे म्हणजे माझे मालक, टेलर. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो म्हणून मीही मास्तर म्हणते. म्हणजे लाडात असले की 'अहो' आणि रागात असले की 'मास्तर', आणि गेल्या वर्षभरात आमच्या घरात 'अहो' फारसं ऐकू आलेलं नाही. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. दुकानात काचेच्या दारालगत कापड बेतायचं लांब टेबल, त्यामागे दोन मशीनं, उजेडाकडचं त्यांचं आणि भिंतीकडचं माझं. माप ते घेतात, बेततात तेच. मी शिवते. काज, बटणं, तुरपाई, झिप बदलणं, असलं डोळे फोडायचं काम सगळं माझ्या वाट्याला. तक्रार करत नाहीये, सांगतेय.

मास्तर मामाच्या दुकानात वाढले. वयाच्या बाराव्या वर्षी कातर हातात आली ती सुटली नाही. गळ्यात टेप नसेल तर त्यांना उघडंबोडकं वाटतं. आमच्या लेकीच्या लग्नात चांगल्या कोटावर टेप लटकत होती, फोटोत आहे. समोरून माणूस चालत आला की ओठांतल्या ओठांत त्याची कंबर सांगतात, आणि अर्ध्या इंचाचाही फरक पडत नाही. बोलणं कमी, हसणं गालातल्या गालात. जेवण मात्र मनापासून. मी वाढावं आणि त्यांनी जेवावं, ह्यात आमचा अर्धा संसार झाला. पहिल्या घासाला डोळे मिटायचे. असा जेवणारा माणूस घरात असला की बाईला वाटतं, अजून एक पदार्थ करावा.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत, कुणाला दिसणार नाही असं जे जादा कापड सोडतात ती माया. मुलांच्या कपड्यांत भरपूर सोडायची, कारण मुलं वाढतात. पुरुषांच्या पँटीत मागच्या मधल्या शिवणीत सोडायची, कारण पुरुषही वाढतात, फक्त आडवे. जाणतं गिऱ्हाईक घेऊन जाताना पँट उलटी करून बघतं आणि विचारतं, "माया ठेवलीय ना?"

मास्तरांचे कपडे मात्र मी बेतते आणि मीच शिवते, लग्न झाल्यापासून. मापाच्या वहीत अगदी पहिल्या पानावर त्यांचं माप आहे, त्यांच्याच अक्षरात. कंबर छत्तीस. ते पान मी कधी बदललं नाही. बदलली ती पँट. जेवून उठताना मास्तर पट्ट्यात बोट घालून ओढायला लागले की मला कळायचं. दुसऱ्या दिवशी ते कापड आणायला बाहेर गेले की मी पँट घ्यायची, मागची शिवण उसवायची, अर्धा इंच मोकळी करायची, पुन्हा शिवायची. जुन्या टाक्यांची रेघ वाफेने घालवायची आणि पँट होती तशी खुंटीवर. माया संपली की नवी पँट, दोन इंच मोठी, त्याच रंगाची. त्याबद्दल अवाक्षर नाही. तोंडाने 'वजन उतरवा, वजन उतरवा' आणि हाताने हे. इतरांच्या घरी पँटच माणसाला सांगते की बाबा रे, आता पुरे. आमच्या घरी मी पँटला तोंडच उघडू दिलं नाही.

का केलं, तर रुतलेला पट्टा बघवायचा नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला त्यात एक सुख होतं. ह्या माणसाच्या अंगाची एक गोष्ट त्याला स्वतःला माहीत नाही आणि मला माहीत आहे, असं वाटायचं.

मागच्या वर्षी शाळा उघडायच्या आधीचा आठवडा होता. दुकानात गणवेशांचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. मी शिवत होते, मास्तर बेतत होते. अचानक कातरीचा आवाज थांबला. मास्तर कापड अर्ध्यात सोडत नाहीत. कातर चालली की शेवटापर्यंत चालते. मी वळून बघितलं तर चेहऱ्यावर घामाचे थेंब, डावा हात छातीवर.

"गॅस असेल," ते म्हणाले.

मी पाणी दिलं. पेला हातात घेतला आणि तसाच धरून राहिले, जणू त्याचं काय करायचं हेच आठवत नव्हतं. मग कातर खाली पडली. मास्तरांच्या हातून कातर पडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

हॉस्पिटलमध्ये तीन दिवस ठेवलं. नळ्या, तारा, टीक टीक करणारी यंत्रं. डॉक्टर म्हणाले, "झटका आलेला नाही. पण दारापर्यंत येऊन गेलाय. रक्तवाहिनी अरुंद झालीय, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, वजन अठ्ठ्याण्णव. वीस किलो उतरवा. पुढच्या वेळी तो दार वाजवून येईलच असं नाही." लेक धावत आली होती. तिचा हात धरून मास्तर म्हणाले, "मला एवढ्यात जायचं नाहीये गं." माझा हात धरून नाही म्हणाले. मी तिथेच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

घरी सोडायच्या दिवशी आम्हाला तळमजल्यावरच्या एका खोलीत पाठवलं. तिथे टाचणी बसली होती. तिला नाव आहे, पण मी घेत नाही. अंगाने सरळसोट, डोकं एवढंसं आणि बोलणं टोचणारं, म्हणून मी तिला टाचणी म्हणते. कुणी काय किती खायचं ते ती ठरवते. वय असेल बत्तीस-तेहतीस. टेबलावर रबराच्या खोट्या पोळ्या आणि खोटी केळी मांडून ठेवलेली.

"कंबर?" तिने फॉर्म भरता भरता विचारलं.

"छत्तीस," मास्तर म्हणाले.

टाचणीने मान वर केली. मास्तरांना वरून खाली बघितलं. मग टेप काढली आणि म्हणाली, "उभे राहा जरा काका." तिने टेप गुंडाळली. टेप धरायची पद्धत अगदीच कच्ची होती, एवढं मी सांगू शकते. "पंचेचाळीस."

"शक्य नाही."

"काका, पंचेचाळीस आहे."

"तुमची टेप ताणली गेलीय मॅडम," मास्तर आवाज चढवून म्हणाले. मी त्यांना परक्या माणसाशी आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "कापडी टेपा अशाच ताणतात. म्हणून जास्त दाखवतेय. तीस वर्षं मापं घेतोय मी. माझी पँट छत्तीसची आहे म्हणजे छत्तीसची आहे!"

आता ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही, हे टेलरच्या घरातल्या मांजरालाही कळतं. मला वाटलं, घाबरलेत, म्हणून काहीतरी बडबडतायत. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावायला लागली. एक बाई चक्क हसली. टाचणीही हसली, लहान मुलाला हसतात तसं, आणि म्हणाली, "बरं काका, तुमचं खरं. आपण दोन्ही लिहून ठेवू." मी फरशीकडे बघत होते. एका वाक्यात मी त्यांना सोडवू शकले असते, की पँट मी सैल करत आले, ह्यांना काही माहीत नाही. माझा माणूस सगळ्यांदेखत हसं करून घेत होता आणि मी गप्प बसले.

त्या दिवसापासून ही एकच गोष्ट माझ्या मानेवर बसली. आपल्या हाताने आपण ह्या माणसाला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. हे त्यांना कळलं तर? शिव्या देणारा माणूस नाही हा. फक्त परत कधी माझ्याकडे पँट टाकणार नाही. आमच्या घरात ह्यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

मग सुरू झाला टाचणीचा संसार. फ्रीजवर तिची चिठ्ठी. सकाळी उकडलेलं, दुपारी पानंपानं, संध्याकाळी वाटीभर सूप आणि त्यावर कौतुक. मी केलेल्या जेवणाला डोळे मिटणारा माणूस आता काकडी मोजून खायला लागला. सहा वाजता उठून फिरायला जायचं, पावलं मोजायची. आणि उठताबसता 'मॅडम म्हणाल्या'. मॅडम म्हणाल्या, हळू चावा. मॅडम म्हणाल्या, मीठ वरून नको. मॅडम म्हणाल्या, चालताना खांदे मागे. एका मंगळवारी मी मोजलं. जेवायच्या आत चौदा वेळा! मीच बावीस वर्षं जे सांगत होते तेच ती सांगत होती, फक्त तिच्या तोंडून ते औषध झालं आणि माझ्या तोंडून कटकट.

दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जायचं. त्या दिवशी मास्तर दाढी गुळगुळीत करायचे, निळा शर्ट घालायचे. पहिल्या महिन्यात ती त्यांना काका म्हणायची. तिसऱ्या महिन्यात काकांचे सर झाले. मी काकूच राहिले.

घरात एक वजनकाटाही आला. नावाने पुरुष असला तरी माझी सवतच. मास्तर उठल्या उठल्या आधी त्याच्याकडे जायचे. मोरीतून बाहेर आले की चेहऱ्यावरून कळायचं, आज तिने हसून घेतलं की तोंड फिरवलं. एकदा मला राहवलं नाही. स्प्रिंगचा काटा तो, मागे एक चाक असतं, शून्य जुळवायचं. मी ते केसभर फिरवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर बाहेर आले ते तोंड पाडून.

"सव्वा किलो वाढलं."

"वाढणारच," मी म्हणाले. "रबराची केळी खाऊन कुणाचं वजन उतरलंय?"

माझा अंदाज होता की कंटाळतील, सोडतील. तर ते दुप्पट चालायला लागले. तिसऱ्या दिवशी जेवायलाच बसेनात. मग मीच घाबरले आणि चाक होतं तसं केलं. त्या सकाळी मास्तर मोरीतून ओरडतच बाहेर आले, "एका रात्रीत सव्वा किलो!" लगेच तिला फोन. पलीकडून तिचा आवाज मला ऐकू आला. शाब्बास सर! केलं मी आणि शाबासकी वाटली तिने. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

वर्षभरात एकवीस किलो उतरले. गालाची हाडं दिसायला लागली. लग्नातल्या फोटोत दिसतात तशीच, आणि ती पुन्हा दिसली ती मला नाही, रस्त्याला दिसली. दुकानात येणारा प्रत्येक जण, "मास्तर, दहा वर्षांनी लहान झालात की!" मास्तर गालातल्या गालात हसायचे. बँकेतल्या बाई स्कर्टची उंची कमी करून घ्यायला आल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसून घेर धरत होते. मास्तरांचं कौतुक करून झालं आणि मग खाली माझ्याकडे बघून म्हणतात, "आता तुम्हीही जरा मनावर घ्या हो." माझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या म्हणून मला बोलता आलं नाही. त्यांचं नशीब.

दुखत होतं माझ्या पोटात, नाही कशाला म्हणू? त्यांच्या हलक्या पावलांचं दुखायचं. जिना शीळ घालत चढायचे त्याचं दुखायचं. जगले ह्याचा आनंद होता, देवाशपथ होता, पण जगले ते माझ्याशिवाय जगले असं वाटायचं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या हातचं खाऊन, माझ्या हातचं घालून वावरत होता. आता खाणं तिचं. उरल्या होत्या फक्त पँटी.

आणि त्या आता अंगावर राहत नव्हत्या. मास्तरांनी दोन वापरायला ठेवल्या आणि बाकीच्या पाच माझ्या मशीनवर आणून ठेवल्या. "जरा आत घे गं."

"गणवेश आहेत. वेळ नाही," मी म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. पँट आत घ्यायची तर मागची शिवण उघडायची. आणि ती उघडली की आत सगळं लिहिलेलं. वरून मी वाफेने घालवलेल्या रेघा आतल्या बाजूला तशाच होत्या, सुईच्या भोकांच्या, एकीशेजारी एक, पाच पाच, सहा सहा. टेलरच्या नजरेला ते वाचायला काय लागतं? आधी मी चोरून करायचे, आता त्यांनीच सांगितलेलं, म्हणजे मी करत असताना ते शेजारीच बसलेले असणार. म्हणून मी ती पाच पँटींची टोपली मशीनखाली पार मागे सरकवली. ते स्वतः हात लावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माझं शिवलेलं ते कधी उसवत नाहीत. महिना गेला. दोन महिने गेले. मास्तर पट्टा आवळून, मागे कापडाचं बोचकं घेऊन रस्त्याने फिरायचे. त्यांना तसं ढगळ बघून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. टाचणीने कितीही उतरवलं तरी घातलेली पँट अजून माझी होती.

मग गेल्या आठवड्यातला तो दिवस. मास्तर टाचणीकडून दुपारी परत आले. दुकानात एक गिऱ्हाईक ट्रायल घेत होतं. मास्तर आत आले, आणि आधी माझी नजर पायांवर गेली. गडद निळी जीन्स. मागे चामड्याचा शिक्का. खाली चार बोटं दुमडलेली. रेडीमेड.

टेलरच्या अंगावर रेडीमेड! एखाद्या बाईबरोबर दिसले असते तर मी आधी बाईला विचारलं असतं, ताई कोण तुम्ही. इथे विचारायची सोय नव्हती. गिऱ्हाइकासमोर मी तोंड मिटून ठेवलं. तो गेला, मी काचेचं दार लावलं, पाटी उलटी केली.

"कुणी निवडली?"

"काय?"

"मास्तर, मी मूर्ख नाही. ही तुमच्या अंगावर कुणी चढवली? तिने?"

"तिने कुणी?"

"तुमच्या मॅडमने! शोभत असेल तिला. सरांना जीन्स! खाणं तिचं झालं, झोपेतून उठणं तिचं झालं, आता कपडेही तिचे? माझ्या मशीनला काय गंज चढलाय? तीस वर्षं ह्या दुकानात माझी कंबर मोडली आणि तुम्ही बाहेर जाऊन विकतची पँट घालून येता, सगळ्या रस्त्यातून, लोकांना दाखवत?" आणखीही बरंच बोलले. वजनकाट्याचं चाक फिरवलं होतं तेही रागाच्या भरात बोलून गेले.

मास्तर हसले. तेवढ्याने मी आणखी भडकले. त्यांनी पडद्यामागे जाऊन पिशवीतली जुनी पँट चढवली, बाहेर आले आणि जीन्स माझ्या पुढ्यात टेबलावर टाकली.

"उलटी करून बघ."

"मला नाही हात लावायचा."

"बघ तर."

मी उलटी केली. मागची शिवण बघितली. दोन टाक्यांत दाबून टाकलेली, आत करंगळीच्या नखाएवढंही कापड नाही.

"माया नाही हिला," मास्तर म्हणाले. "म्हणून घेतली. मी पुन्हा सुटलो तर ही सांगेल. तू सांगत नाहीस."

टेबलाची कड धरून मी स्टुलावर बसले. इतके महिने ज्याला भीत होते ते असं समोर येऊन उभं राहिलं, दिवसाउजेडी, तेही ह्या माणसाच्या एवढ्याशा आवाजात.

"कधी कळलं?" मी विचारलं. "टाचणीने मोजलं तेव्हा?"

"पहिल्यांदा सैल केलीस तेव्हा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"लेक बालवाडीत होती. राखाडी पँट." मास्तर समोर बसले. "अगं, टेलर आहे मी. आदल्या रात्री रुतणारी पँट सकाळी रुतत नाही, हे मला कळणार नाही? रस्त्याने जाणाऱ्याची कंबर सांगतो, स्वतःची सांगता येणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी टेबलावरचा खडू बोटांत फिरवला. "बरं वाटायचं," म्हणाले. "मी काही न सांगता तुला कळायचं. वाट बघायचो मी. आज रुतला पट्टा, बघू उद्या कळतं का हिला. दुसऱ्या दिवशी सैल. असं वाटायचं की आपलं बरं चाललंय."

मला तेव्हा काय वाटलं म्हणून सांगू? आधी राग आला. माझं म्हणून जपलेलं ते एकच गुपित होतं, आणि तेही अर्धं त्यांचंच निघालं. मग ती खोली आठवली, खोटी केळी, दारातून डोकावणारी माणसं.

"तर मग त्या दिवशी तिथे भांडलात कशाला? छत्तीस छत्तीस करत? ताणलेली टेप जास्त दाखवते म्हणे! लोक हसत होते तुम्हाला."

"तू शेजारी बसली होतीस," मास्तर म्हणाले. "पंचेचाळीस कबूल केलं असतं तर तिने विचारलं असतं, मग काका, पँट घट्ट होत नव्हती का तुमची? आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं असतं. माझ्याकडे बघून हसले तर काय बिघडतंय?"

वर्षभर मी जळत होते. ते हसं माझ्यासाठी होतं आणि मी त्यांच्या पावलांवर, शर्टावर, काकडीवर जळत होते. मी पदर शोधायला गेले तर हातात ती जीन्सच आली. तिनेच डोळे पुसले, आणि रेडीमेडचं कापड पाणीही नीट टिपत नाही हेही कळलं.

"रडू नको," मास्तर उठले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली. "उभी राहा."

"कशाला?"

"उभी राहा म्हणतो ना."

"मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालं नव्हतं." त्यांनी टेप सरळ केली. "जिना चढताना दोनदा थांबतेस तू. आधी थांबत नव्हतीस. गेल्या महिन्यापासून एकदा कठड्याला धरून डोळेही मिटतेस. तुला वाटतं, मी माझीच पावलं मोजतो."

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या टेपेत मी हजारो कंबरा बघितल्या, माझी कधी नाही. माझे कपडे मी अंदाजाने शिवते, ढगळ, खांद्यावरून सोडलेले. टेप कमरेभोवती आली तसं मी पोट आत ओढून घेतलं. सगळी गिऱ्हाइकं ओढतात. अशा वेळी मास्तर हवापाण्याचं काहीतरी बोलतात, माणूस बोलता बोलता सैल पडतो आणि ते पटकन आकडा टिपतात. माझ्याशी हवापाण्याचं बोलले नाहीत.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"नाही सोडलास."

टेपेची दोन टोकं धरून ते तसेच उभे राहिले. घाई नव्हती त्यांना. मी तरी किती वेळ धरणार? सोडला. टेप त्यांच्या बोटांतून सरकली, आणखी सरकली आणि थांबली. मला वाटलं, आता हा माणूस दोन इंच कमी सांगेल. त्यांच्या जागी मी असते तर कमीच सांगितले असते.

"सत्तेचाळीस," मास्तर म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट, गिऱ्हाइकाला सांगतात तसं.